मुखपृष्ठ घरातलंच घ्या

लखनौच्या अलीगंजात माझी धाकटी बहीण राहते. मागच्या डिसेंबरात तिच्याकडे गेलो होतो. सकाळचे दहा वाजले तरी धुकं हटत नव्हतं. भाची दहावीला. रजईत पाय घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, आणि तोंड एवढंसं झालेलं.

“मामा, लेफ्ट थर्ड म्हणजे काय असतं?”

“कुणी विचारलंय?”

“असेसमेंट आहे. दोन मॅगझीनच्या कव्हरचं अ‍ॅनालिसिस. परवा द्यायचंय.”

आयसीएसईला तिसऱ्या गटात ‘मास मीडिया अँड कम्युनिकेशन’ हा विषय घेता येतो, आणि त्या गटात निम्मे गुण शाळेतल्या कामाचे असतात. सीबीएसईला अकरावी-बारावीत ‘मास मीडिया स्टडीज’ आहे. म्हणजे प्रकरण रद्दीतलं चित्र कापून चिकटवण्याइतकं हलकं नाही. मी तिच्या पडद्यात डोकावलो. कुठल्याशा विलायती फॅशन मासिकाचं मुखपृष्ठ उतरवून घेतलेलं होतं. खाली तिने लिहिलं होतं की लाल रंग आत्मविश्वास आणि उत्कटता दाखवतो, अक्षरं सॅन्स सेरिफ असल्यामुळे आधुनिक वाटतात, आणि मॉडेल थेट बघत असल्यामुळे वाचकाशी नातं जुळतं.

“हे तुला दिसलं?”

“नाही. पण सगळे असंच लिहितात.”

स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला, “अरे, तूच लिहून दे ना दोन पानं. तुझा जन्म गेला त्यात.”

जन्म नाही, पण सव्वीस वर्षं गेली खरी. पुण्यातल्या एका मासिकात मी लेआउटच्या टेबलावर होतो. ट्रेसिंग पेपर आणि डिंकापासून सुरुवात केली आणि संगणकावर संपवलं. तीनशेच्या वर मुखपृष्ठं हाताखालून गेली असतील. तरी तिला मी दोन पानं लिहून दिली नाहीत. बहीण दिवसभर घुश्शात होती. त्या दोन दिवसांत आम्ही जे केलं ते इथे मांडतो, कारण अशी भाची किंवा पुतण्या आता बऱ्याच घरांत आहे आणि अशी आईही.

पहिली विनंती मुलांना. मुखपृष्ठ निवडताना आधी घरात शोधा. इंटरनेटवर जे तयार विश्लेषण मिळतं ते बहुतेक इंग्लंडातल्या शाळांसाठी लिहिलेलं असतं. तिथे मीडिया स्टडीज हा जुना, रुळलेला विषय आहे आणि मासिकाचं मुखपृष्ठ हा त्यातला नेहमीचा प्रश्न. त्यांची उदाहरणं त्यांच्या स्टॉलवरची. ‘लेफ्ट थर्ड’ही तिथलाच. तिकडच्या दुकानात मासिकं उभ्या रॅकमध्ये एकावर एक सरकवून ठेवतात, त्यामुळे प्रत्येकाची डावी पट्टी तेवढी दिसते. म्हणून महत्त्वाचं ते डावीकडे टाकायचं.

भाचीला म्हटलं, चल, चारबागला जाऊन बघू इथे काय दिसतं. स्टेशनावर अंक कसे मांडलेत हे तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. काही चिमट्याने दोरीला टांगलेले, काही पायऱ्यांसारखे एकाखाली एक, असे की प्रत्येकाची फक्त वरची तीन-चार बोटं दिसावीत. तिथे डाव्या पट्टीचा काय उपयोग? जे काही सांगायचं ते वर. आपल्याकडे मासिकाचं नाव आडवं, वर आणि रुंद का असतं, याचं उत्तर तिला त्या दोरीवर मिळालं. रेल्वे स्टेशनांवर पुस्तकं-मासिकं विकणारी व्हीलर कंपनी १८७७ साली अलाहाबादेत निघाली. तेव्हापासून किती मुखपृष्ठांचं नशीब प्लॅटफॉर्मवर ठरलं असेल कोण जाणे. आमचे संपादक रंग ठरवताना एकच प्रश्न विचारत: “एसटी स्टँडवर, चालत्या गाडीतून दिसेल का?” आमच्या लाल रंगामागे उत्कटता वगैरे काही नव्हतं. पिवळ्यावर लाल लांबून दिसतो, एवढंच.

हे मुलांनी मनात धरावं. मुखपृष्ठावरची प्रत्येक गोष्ट कुणी विचार करून ठेवलेली नसते. एका वर्षी आमच्या चित्रकाराला कावीळ झाली, चित्र आलंच नाही, आणि कपाटातलं जुनं एक चित्र पाच मिनिटांत लागलं. तो अंक चांगला खपला. पुढे कुणी त्या चित्रात काय काय अर्थ काढले असतील ते असोत. अर्थ काढू नये असं मी म्हणत नाही. छापून बाहेर पडलं की ते वाचणाऱ्याचं होतं. पण ‘संपादकाने हा रंग याच हेतूने निवडला’ असं ठोकून देण्यापेक्षा ‘बघणाऱ्यावर याचा असा परिणाम होतो’ असं लिहिणं खरं. तपासणाऱ्या बाईंनाही ते जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

तर घरात शोधलं. बहिणीचे सासरे गाणं शिकवायला महाराष्ट्रातून लखनौला आलेले. लखनौतल्या मराठी घरांपैकी बऱ्याच घरांच्या कहाणीत भातखंड्यांचं नाव कुठेतरी येतंच. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या प्रयत्नातून १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज निघालं, पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं चालवलं, आणि आज त्या संस्थेला भातखंड्यांचंच नाव आहे. सासऱ्यांना दर दिवाळीत पुण्याहून टपालाने अंक येत. ते एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. भाचीने जन्मात ती ट्रंक उघडलेली नव्हती.

वरचा अंक काढला तर त्याचं नावच नाही. वरचा सगळा भाग वाळवीने खाल्लेला, कडा जाळीसारख्या झालेल्या.

“हा नको. नावच नाहीये.”

मी म्हटलं, हाच घे. नाव नसताना काय काय सांगता येतं ते लिहून काढ. एका वहीत दोन रकाने कर. डावीकडे फक्त दिसतं ते. उजवीकडे काही लिहायचं नाही, मी सांगेपर्यंत.

डावा रकाना भरायला तिला पाऊण तास लागला. आधी तिने लिहिलं, ‘एक सुंदर स्त्री’. मी खोडायला लावलं, कारण ‘सुंदर’ हे दिसणं नव्हे, मत आहे. मग यायला लागलं: बाई. हातात तबक. तबकात पाच पणत्या, चार पेटलेल्या. साडी जांभळी, काठ सोनेरी. हिरव्या बांगड्या, डाव्या हातात पाच दिसतात. उजेड खालून हनुवटीवर. कपाळ जवळजवळ अंधारात. मागे काळपट निळं, त्यात काही नाही. उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही, अर्धी. खाली छोट्या अक्षरात किंमत दोन रुपये. आणि मग तिची पेन्सिल थांबली.

“मामा, ही तर आपल्याकडे बघतच नाहीये.”

“मग कुठे बघतेय?”

“विझलेल्या पणतीकडे.”

मी ते चित्र आदल्या रात्री पाहिलं होतं. मला पाचवी पणती विझलेली दिसलीच नव्हती. सव्वीस वर्षं टेबलावर बसून.

आता उजवा रकाना. लॅपटॉपवरची मॉडेल आपल्या डोळ्यांत बघते, ट्रंकेतली बाई बघत नाही. पहिली म्हणते, माझ्यासारखी हो. दुसरीला आपण उंबऱ्यातून बघतोय, तिला ठाऊकही नाही. मग बघणारा कोण? घरातलाच कुणी असेल तर ते घरगुती चित्र. परका असेल तर चोरून बघणं. भाचीने हे दोन्ही लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते मी तसंच राहू दिलं. सोळाव्या वर्षी प्रश्नचिन्ह काढता आलं तर बरंच झालं म्हणायचं.

उजेड खालून येतो ही दिवाळी अंकांच्या चित्रकारांची आवडती जागा. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ वार्षिक काढला. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं तर लोक अंक वाचून झाल्यावर कापून भिंतीवर लावत. आमच्या ट्रंकेतलं चित्र या दोघांपैकी कुणाचं नाही, सहीची उरलेली अक्षरं जुळत नाहीत. पण त्यांनी पाडलेली वाट तीच: दिवा, बाई, खालून उजेड. आता उजव्या रकान्यात कामाचा प्रश्न येतो. दिवाळी अंकावर बाईच का? १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली असं आपण मानतो. शतक उलटून गेलं. या काळात मुखपृष्ठावर दिवा धरलेले पुरुष तुम्ही किती पाहिलेत, ते घरातल्या अंकांवर मोजा. मोजलेला आकडा लिहा, मग मत द्या. चार अंक असले तरी चालतील, फक्त ‘माझ्या घरातले चार अंक’ असं स्पष्ट लिहा.

अक्षरांबद्दल थोडं सांगतो, कारण इथे तयार उत्तरं सगळ्यात जास्त फसवतात. ‘कॅपिटल लेटर्समुळे ठाशीवपणा येतो’ हे वाक्य इंग्रजीला ठीक आहे. देवनागरीत कॅपिटल नाहीतच. आपण ठासून सांगायचं तर अक्षर मोठं करतो, जाड करतो, रंग बदलतो, किंवा चित्रकाराकडून हाताने काढून घेतो. शिवाय आपल्या ओळीला वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार असतात. दोन ओळी इंग्रजीइतक्या जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. म्हणून मराठी मुखपृष्ठावर मथळे कमी मावतात. इंग्रजी फॅशन मासिकासारखी आठ-दहा मथळ्यांची गर्दी मराठीत केली की जत्रेची जाहिरात दिसते. मी केलेली आहे, म्हणून सांगतो.

आणि लखनौत राहून उर्दू मासिक न घेणं म्हणजे कमाल आहे. अमीनाबादेतून आम्ही मुलांचं एक उर्दू मासिक आणलं. भाचीने सवयीने उघडलं तर हातात शेवटचं पान. उर्दूची बांधणी उजवीकडे असते. आपलं मलपृष्ठ ते त्यांचं मुखपृष्ठ. नजर उजवीकडून आत शिरते. मग तिकडे महत्त्वाची पट्टी कुठली? तिला लेफ्ट थर्ड खऱ्या अर्थाने तेव्हा कळलं: तो निसर्गाचा नियम नाही, लिपीची आणि दुकानाची सवय आहे. उर्दूचं नस्तालीक अक्षर तिरकं उतरतं, एकावर एक रचता येतं, त्यामुळे मासिकाचं नाव चौकोनातही बसवता येतं आणि तुऱ्यासारखं कोपऱ्यातही. शिरोरेषेला टांगलेल्या आपल्या अक्षरांना ही चैन नाही.

लखनौ या बाबतीत श्रीमंत गाव आहे. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली इथे छापखाना घातला आणि शिळाछापावर उर्दू-फारसीचे ढीग छापले. कातिब, म्हणजे लेखनिक, हाताने लिहायचा आणि तेच दगडावरून कागदावर उतरायचं. १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी इथूनच ‘अवध पंच’ काढला, लंडनच्या ‘पंच’च्या धर्तीवर. विनोदी साप्ताहिक, व्यंगचित्रं, साहेबाची टर. आपल्याकडेही ठाण्याहून ‘हिंदू पंच’ निघत होता. त्या काळी ‘पंच’ या नावाची साथच होती म्हणा. लंडनच्या मूळ ‘पंच’ने रिचर्ड डॉइलने १८४९ साली काढलेलं मुखपृष्ठ शंभर वर्षांवर तसंच ठेवलं, १९५६पर्यंत. आज दर महिन्याला नवा चेहरा बघणाऱ्या मुलांना हे सांगून बघा. ज्या मुखपृष्ठावर काही बदलत नाही, ते काय सांगतं? ‘आम्ही तेच आहोत’ एवढंच, आणि ते दर आठवड्याला. हेही विश्लेषणच आहे.

मग १९२२ साली नवल किशोर प्रेसनेच हिंदी ‘माधुरी’ काढली. दुलारेलाल भार्गव तिचे एक संपादक. त्यांनी पुढे १९२७ साली ‘सुधा’ सुरू केली. प्रेमचंदही काही वर्षं ‘माधुरी’चे संपादक होते. इंटरनेटवर शोधताना एक काळजी घ्या: पूर्वी मुंबईहून निघणारं सिनेमाचं ‘माधुरी’ वेगळं. एका मुलाने दोन्ही एक समजून प्रेमचंदांना सिनेमातल्या नटीशेजारी बसवलं तर मला नवल वाटणार नाही.

हे मासिक काढतं कोण, हा प्रश्न मुलं विचारतच नाहीत, आणि माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच असतं. ‘माधुरी’ छापखान्याची होती. छापखान्याकडे यंत्रं होती, कागद होता, रंगीत छपाईची सोय होती, म्हणून रंगीत चित्रं देता आली. मराठीत ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्म तर नांगराच्या कारखान्यातला. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, कारखान्याचं माहितीपत्र म्हणून. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार, त्यामुळे त्याला हळूहळू मासिकाचं रूप आलं, आणि १९३०मध्ये ‘स्त्री’ सुरू झालं. हे माहीत असलं की मुखपृष्ठावरची उद्योगी, हसरी, काही तरी करणारी माणसं वेगळी दिसू लागतात. तुमच्या हातातल्या मासिकाचा मालक कोण, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. आतल्या पानावर अगदी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छापखान्याचा पत्ता असतो. १८६७च्या कायद्यापासून ती ओळ छापावी लागते. तीच ओळ कुणी वाचत नाही.

मग मलपृष्ठ उलटा. सगळ्यात महाग जाहिरात तिथे असते. पुढे बाईच्या त्वचेवरचा लेख आणि मागे साबण असेल तर दोघांना एकत्र बघा. आमच्याकडे एकदा जाहिरातदाराच्या माणसाने येऊन मुखपृष्ठावरच्या साडीचा रंग बदलायला सांगितला, कारण मागच्या जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याचा रंग उठून दिसत होता. बदलला. दोन दिवस उशीर झाला, आणि ओरडा मला बसला.

फोटो खोटा असू शकतो, हे आजच्या मुलांना मी सांगायची गरज नाही. त्यांच्या फोनवर रोज होतं. तरी दोन जुनी उदाहरणं वहीत असू द्यात. फेब्रुवारी १९८२च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसावा म्हणून गीझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. आणि २७ जून १९९४च्या ‘टाइम’ने ओ. जे. सिम्पसनचा पोलिसांनी काढलेला फोटो काळवंडून छापला. ‘न्यूजवीक’ने त्याच आठवड्यात तोच फोटो आहे तसा छापला, म्हणून लोकांना लगेच कळलं. दोन मुखपृष्ठं शेजारी ठेवून बघण्याचा फायदा याहून नेमका दुसरीकडे दिसत नाही.

शिक्षक बार्थचं नाव घेतील. घाबरू नका. रोलाँ बार्थ हा फ्रेंच लेखक न्हाव्याच्या दुकानात बसला होता आणि कुणीतरी त्याच्या हातात ‘पॅरी मॅच’चा अंक दिला. मुखपृष्ठावर फ्रेंच लष्करी वेशातला एक काळा मुलगा, नजर वर, हात सलामीला. १९५५ साल, वसाहतींवरून फ्रान्स पेटलेला. बार्थ म्हणाला, यातून सांगितलं जातंय की साम्राज्य थोर आहे, त्याची सगळी लेकरं निष्ठेने त्याच्या झेंड्याखाली उभी आहेत. हे विश्लेषण १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’ या त्याच्या पुस्तकात आलं आणि मुखपृष्ठ-वाचनाचा मूळ धडा झाला. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. त्या फोटोत झेंडा दिसत नाही. मुलगा वर बघतोय, त्यावरून तिथे झेंडा असणार हे आपण धरतो. चौकटीबाहेर जे आहे ते बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच असतं, आणि मुखपृष्ठ त्यावरच जगतं. ‘आवाज’च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवतात? खिडकीतून जे दिसतं त्यावरून तुम्ही भलतंच काही धरता, पान उलटल्यावर आजीबाई लोणचं घालत असतात. झेंडा आणि लोणचं, युक्ती एकच. न्हाव्याच्या दुकानाची गोष्ट मी भाचीला मुद्दाम सांगितली. इतकं गाजलेलं विश्लेषण ग्रंथालयात सुरू झालं नव्हतं. खुर्चीत, केस कापायचा नंबर लागेपर्यंत सुरू झालं.

एक हत्यार मात्र इंग्रजीकडे नाही, आपल्याकडे आहे. ते म्हणजे आपलं व्याकरण. इंग्रजी मुखपृष्ठ सगळ्यांना ‘यू’ म्हणतं, त्यात बाई की पुरुष, थोर की पोर काही कळत नाही. मराठीत मथळा तोंड उघडतो तोच आपली ओळख सांगतो. ‘सणाच्या धावपळीत दमल्यात?’ त्या ‘ल्या’मध्ये सगळं आलं: वाचणारी बाई, आणि धावपळ तिनेच करायची हे गृहीत. ‘दमलात?’ असतं तर नवराही आत आला असता. ‘तू तुझी वाट शोध’ हे कॉलेजच्या पोरांचं. ‘आपण कुठे चाललोय?’ हे साप्ताहिकाच्या संपादकाचं, जो आपल्यालाही स्वतःच्या काळजीत ओढतो. हिंदीत ‘तुम’ की ‘आप’ बघा. ‘पहले आप’च्या गावात ‘तुम’ म्हणणारं मासिक कुणाशी बोलतंय हा साधा प्रश्न नाही. भाचीने घरातल्या हिंदी मासिकांवरची क्रियापदं मोजली. निम्म्याहून जास्त आज्ञार्थी निघाली: जानिए, पाइए, आज़माइए. ती म्हणाली, “हे तर मम्मीसारखंच बोलतात.” स्वयंपाकघरातून काही उत्तर आलं नाही.

आता दुसरी विनंती, आई-बाबांना. तुमच्या मुलाला हे काम करून देऊ नका. मला माहीत आहे, परवा द्यायचं असतं, प्री-बोर्ड डोक्यावर असतात, क्लासची फी भरलेली असते. पण यात तुम्ही देऊ शकाल असं एकच आहे, आणि ते म्हणजे अंक. माळ्यावरचे, ट्रंकेतले, आईच्या माहेरचे, शेजारच्या मिश्राजींकडचे. त्याबरोबर त्या अंकाची गोष्ट सांगा: तो घरात का आला, आधी कुणी वाचायचं, किती रुपये पडले, कोणतं पान दुमडलेलं आहे. माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी सांगितलं की अंक आला की आधी सासऱ्यांनी वाचायचा, मग त्यांनी, आणि मुखपृष्ठावर खाकी कागद चढवायचा, कारण पाहुण्यांसमोर बाईचं चित्र नको. पुढचे तीन अंक काढून बघितले, त्यांतल्या दोन अंकांवर खाकी कव्हर होतं. मुखपृष्ठावर घातलेलं मुखपृष्ठ! भाचीच्या कामातलं सगळ्यात चांगलं पान त्या खाकी कागदावर आहे. ते मला सुचलं नसतं, आणि इंटरनेटला तर नाहीच.

तिसरी विनंती शिक्षकांना, हळूच. शब्दांच्या यादीला गुण देऊ नका. मुलाने ‘मास्टहेड’ न लिहिता ‘मासिकाचं नाव’ लिहिलं आणि ते तिथे का आहे हे बरोबर सांगितलं तर त्याला मास्टहेड कळला. एखादा अंक भारतीय भाषेतला आणला तर दोन गुण जास्त द्यायला काय हरकत आहे? लखनौच्या एका वर्गात हिंदी, उर्दू, अवधी बोलणारी, बंगाली, एखादी मराठी अशी मुलं बसतात. प्रत्येकाने घरचा अंक आणला तर त्या टेबलावर काय जमेल, कल्पना करा.

शेवटचं, कामाचं. चित्र वहीत लावायचं म्हणून अंक कापू नका. भाची कात्री घेऊन बसलीच होती, आजीने हातातून काढून घेतली. फोटो काढा. फोन चित्राच्या बरोब्बर समोर, तिरका नाही. ट्यूबलाइटखाली काढलात तर गुळगुळीत कागदावर पांढरी चमक येते, फ्लॅशने तर येतेच. अंकाचे चारही कोपरे चौकटीत येऊ द्या, फाटलेली कडही. किंमत आणि तारीख वाचता आली पाहिजे, नाहीतर पुन्हा काढा. शक्य असेल तर गच्चीवर जा, धुक्याच्या दिवशी. तेव्हा सावली पडत नाही, रंग खरे येतात. आम्ही काढला तेव्हा साडेअकरा वाजले होते, आणि फोटोत पाचवी पणती स्वच्छ दिसते.